नव्या संचालकांचं इंडक्शन: एका दिवसाच्या कार्यक्रमाऐवजी काय करावं?

कार्यसूची यांचा प्रश्न

शेअर बाजारात नोंदलेल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या सचिव विभागात नव्या संचालकांच्या इंडक्शनचं काम माझ्याकडे आहे. पुढच्या तिमाहीत मंडळावर तीन बिगर-कार्यकारी (रोजचा कारभार न पाहणारे) संचालक येत आहेत. एकांची सगळी कारकीर्द तंत्रज्ञानात गेलेली, दुसरे मोठ्या कारखान्याचे प्रमुख होते, तिसऱ्या बाई सार्वजनिक धोरणाच्या क्षेत्रातल्या. तिघंही आपापल्या कामात मुरलेले आहेत, पण बोर्डावर बसायची तिघांचीही ही पहिलीच वेळ.

सध्याची पद्धत एका दिवसाची आहे. सकाळी वकील संचालकांची कर्तव्यं सांगतात, दुपारी प्रत्येक विभागप्रमुख अर्धा-अर्धा तास स्लाइड दाखवतो, संध्याकाळी एक जाडजूड फाइल हातात दिली जाते. पुढच्याच आठवड्यात बैठक. परिणाम असा की पहिल्या तीन-चार बैठकांत नवे सदस्य एक तर गप्प असतात किंवा फक्त आपल्या जुन्या क्षेत्राबद्दल बोलतात.

अध्यक्षांनी सहा महिन्यांचा कार्यक्रम आखायला सांगितलं आहे, त्यात 'गव्हर्नन्स (कंपनीवर मंडळाची देखरेख) आणि नेतृत्व' दोन्ही हवं. तर काय शिकवावं, कोणत्या क्रमाने, साधारण किती तास? नेतृत्व शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि हे सगळं अंगी लागलं की नाही, ते कशावरून ओळखायचं?

---

ठराव_आणि_नोंद यांचा प्रतिसाद

सुरुवात बोर्ड पेपरपासून, म्हणजे मंडळापुढे येणाऱ्या टिपणांपासून करा, कायद्यापासून नको. संचालकाचं बहुतेक काम कागद वाचण्यात आणि त्यावर योग्य प्रश्न विचारण्यात जातं. ते आलं नाही तर कलमं पाठ असून उपयोग होत नाही.

नेमणूक झाल्यावर, गोपनीयतेची आणि अंतर्गत माहितीच्या यादीची (अप्रकाशित माहिती कुणाकुणाकडे आहे त्याची नोंद) औपचारिकता पुरी झाली की मागच्या वर्षातले दोन पूर्ण बोर्ड पॅक (एका बैठकीच्या सगळ्या कागदांचा संच) काढा. एखादा मोठा निर्णय झालेली बैठक निवडा, उदाहरणार्थ एखादी कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव किंवा मोठा भांडवली खर्च. प्रस्तावाचा पेपर द्या, इतिवृत्त मात्र काढून ठेवा. प्रत्येकाने एकट्याने वाचून पाच प्रश्न लिहून आणायचे. मग तिघांना एकत्र बसवून प्रश्न समोरासमोर ठेवा आणि शेवटी त्या वेळचे मिनिट्स (इतिवृत्त) दाखवा: मंडळाने काय विचारलं, काय विचारलं नाही आणि आज त्या प्रकल्पाची स्थिती काय आहे. एका पेपरला तीन तास लागतात. असे तीन पेपर झाले की पुढचं सगळं सोपं जातं, कारण प्रत्येक संकल्पनेला टांगायला खुंटी तयार असते.

पहिल्यांदा लिहिलेले प्रश्न बहुतेक 'कसं' या जातीचे येतात: यंत्र कुठलं घेणार, विक्रेता कोण, टीम किती. हे व्यवस्थापनाचे प्रश्न. मंडळाचे प्रश्न वेगळे असतात. हे आत्ताच का? आणखी कोणते पर्याय तपासले आणि ते का सोडले? कोणतं गृहीतक चुकलं तर हा सौदा बुडतो? ते चुकतंय हे आम्हाला कधी आणि कोणत्या आकड्यावरून कळेल? माघार घ्यायची झाली तर खर्च किती? कारखान्याच्या प्रमुखपदावरून आलेल्या माणसाला हा सांधा बदलायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. त्यांच्यासाठी आणखी एक पेपर राखून ठेवा.

कायद्याला अर्धा दिवस पुरे, पण तो निकालांवरून शिकवा. तीन निकाल मी ठेवीन.

पहिला ट्रान्स युनियनचा. १९८० साली या अमेरिकी कंपनीच्या संचालकांनी कंपनी विकायला मान्यता दिली ती सुमारे दोन तासांच्या बैठकीत, वीस मिनिटांच्या तोंडी निवेदनावर. समोर लेखी मूल्यांकन नव्हतं, कराराचा मसुदा कुणी वाचलेला नव्हता आणि ५५ डॉलर हा भाव कसा निघाला हेही विचारलं गेलं नव्हतं. भाव बाजारभावापेक्षा चांगला वर होता, संचालक अनुभवी होते, स्वार्थाचा आरोपही नव्हता. तरीही १९८५ मध्ये डेलावेअर या अमेरिकी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना घोर निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरलं. यातून शिकायचं ते हे की न्यायालय निर्णय कसा घेतला ते तपासतं.

दुसरा ऑस्ट्रेलियातल्या सेंट्रो या मॉल-मालक समूहाचा, २०११ चा. त्याबद्दल आकड्यांच्या बाजूने कुणी लिहिलं तर बरं.

तिसरा ब्लू बेल या आइस्क्रीम कंपनीचा. २०१५ मध्ये तिच्या उत्पादनांतून लिस्टेरियाचा संसर्ग झाला, तीन माणसं दगावली. २०१९ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने संचालकांवरचा दावा चालू ठेवायला परवानगी दिली. कारण एकाच वस्तूवर चालणाऱ्या त्या कंपनीत अन्नसुरक्षा पाहणारी बोर्डाची समिती नव्हती आणि हा विषय मंडळापुढे नियमितपणे यावा अशी कोणतीही व्यवस्था मिनिट्समध्ये दिसत नव्हती. कारखान्यातल्या तपासण्यांचे वाईट निकाल व्यवस्थापनापर्यंत पोचले होते, मंडळापर्यंत नाही. हा निकाल वाचून झाल्यावर तिघांना एकच प्रश्न द्या: आपल्या कंपनीत अन्नसुरक्षेच्या जागी कोणता विषय येतो आणि तो मागच्या चार बैठकांत अजेंड्यावर किती वेळा होता?

कलमांपैकी एक मात्र नीट समजावून सांगा, कारण ते नव्या संचालकांना थेट लागू पडतं. ब्रिटनच्या २००६ च्या कंपनी कायद्यात कलम १७४ दुहेरी मोजमाप लावतं. संचालकपदावरच्या माणसाकडून अपेक्षित असलेली किमान काळजी प्रत्येकाने घ्यायचीच, आणि ज्याच्याकडे विशेष ज्ञान आहे त्याच्याकडून त्या विषयात त्याहून जास्त अपेक्षा. तंत्रज्ञानवाल्या संचालकांना सायबर विषयात वरचं माप लागेल, पण हिशेबात 'मला ते कळत नाही' म्हणून सूट मिळणार नाही. भारताच्या २०१३ च्या कायद्यात कलम १६६ योग्य काळजी, कौशल्य, तत्परता आणि स्वतंत्र विवेकबुद्धी मागतं. शब्द देशागणिक बदलतात, पण आपली अक्कल दुसऱ्याकडे गहाण ठेवू नये ही अपेक्षा सगळीकडे आहे.

जाड फाइल बंद करा. पहिल्या आठवड्यात फक्त सहा कागद द्या: मंडळाने स्वतःकडे राखून ठेवलेल्या विषयांची यादी, अधिकार-वाटपाचा तक्ता, समित्यांच्या कार्यकक्षा, हितसंबंधांच्या नोंदवहीचा नमुना, शेअर खरेदी-विक्रीचे नियम आणि डी अँड ओ विम्याची (संचालक आणि अधिकाऱ्यांवरच्या दाव्यांसाठीचा विमा) पॉलिसी. शेवटचा कागद लोक न वाचताच ठेवून देतात. त्यात तीन गोष्टी बोटाने दाखवा. पॉलिसी बहुधा दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षाची लागू होते, घटना ज्या वर्षी घडली त्या वर्षाची नाही. म्हणून पद सोडल्यावरही संरक्षण चालू राहील का, हे करारात लिहून घ्यावं लागतं. कंपनी स्वतः भरपाई देऊ शकली नाही, म्हणजे दिवाळखोरीत गेली, तर संचालकांसाठी वेगळी रक्कम राखीव आहे का? आणि संभाव्य दाव्याची कुणकुण लागल्यावर कळवण्याची मुदत किती?

तासांचा अंदाज: सहा महिन्यांत प्रत्येकी पस्तीस ते चाळीस, बैठकांचा वेळ सोडून. त्यातले निम्मे पहिल्या सहा आठवड्यांत.

---

रोख_आधी यांचा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. सेंट्रोचं मी लिहितो, कारण आकड्यांचं प्रशिक्षण का टाळता येत नाही याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्या माहितीत नाही.

सेंट्रो समूहाच्या २००७ च्या वार्षिक हिशेबात वर्षभरात फेडायची सुमारे दीड अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची कर्जं दीर्घ मुदतीची म्हणून दाखवली होती. वर्ष संपल्यानंतर दिलेल्या मोठ्या हमींचाही उल्लेख नव्हता. हिशेब वित्त विभागाने तयार केले होते, ऑडिट समितीने पाहिले होते, बाहेरच्या नामांकित ऑडिटरने तपासले होते. संचालकांचं म्हणणं असं की इतक्या हातांखालून गेलेल्या कागदावर आम्ही विसंबलो, शिवाय पॅक प्रचंड होता. न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. ही कर्जं लवकर फेडायची आहेत हे संचालकांना दुसऱ्या कागदांवरून माहीत होतं. हिशेब लक्ष देऊन वाचला असता तर विसंगती दिसली असती. आणि किती माहिती यावी, कशी यावी, हे ठरवणं मंडळाच्या हातात असतं, त्यामुळे पॅक जाड होता ही सबब चालत नाही.

बिगर-वित्तीय संचालकांना जमाखर्चाची तत्त्वं पहिल्यापासून शिकवत बसू नका. दोन-दोन तासांची तीन सत्रं घ्या आणि प्रत्येक सत्रात एकच प्रश्न ठेवा: नफा खरा आहे का? कर्ज झेपेल का? कोणता आकडा कुणाच्या अंदाजावर उभा आहे?

पहिल्या सत्राचा सराव असा. दोन वर्षांत विक्री ४०० वरून ५२० झाली, नफा ४० वरून ५२. स्लाइडवर दोन्ही रेघा वर जाताना दिसतात. आता येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) बघा: ८० होती, १६९ झाली. येणी भागिले विक्री गुणिले ३६५ करा. आधी ग्राहक ७३ दिवसांत पैसे देत होते, आता ११९ दिवस लागतात. धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोख ४२ वरून ९ वर आली आहे. इथे नव्या संचालकाने बैठकीत काय विचारायचं? 'येणी का वाढली?' असं विचारलं तर 'मोठे ग्राहक, जरा सावकाश देतात' एवढं उत्तर मिळतं आणि विषय संपतो. त्याऐवजी असं विचारायला शिकवा: नव्वद दिवसांपेक्षा जुनी येणी किती, त्यातले पहिले पाच ग्राहक कोण, वर्षअखेरीनंतर आजपर्यंत त्यातली किती रक्कम बँकेत आली, आणि शेवटच्या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त बिलं निघाली का? तिसरा उपप्रश्न सगळ्यांत कामाचा आहे. बँकेत आलेले पैसे शब्दांनी फिरवता येत नाहीत.

दुसऱ्या सत्रात कर्जाच्या अटी. निव्वळ कर्ज २९०, एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) १००, म्हणजे प्रमाण २.९. बँकेची मर्यादा ३.५. पेपरमध्ये हिरवा ठिपका असतो. पण २९० भागिले ३.५ केलं तर ८३ येतात, म्हणजे एबिटडा सतरा टक्के घसरला की अट मोडली. मागच्या दहा वर्षांत कंपनीचा एबिटडा कधी सतरा टक्के पडला होता का, हे सीएफओंना (वित्तप्रमुखांना) विचारायचं. पडला असेल तर तो ठिपका हिरवा नाही. अट मोजण्याच्या दिवशी कर्ज किती आणि महिन्याच्या मधल्या दिवसांत किती, हाही प्रश्न सोबत घ्या. तिमाहीच्या शेवटच्या दिवशी पुरवठादारांची बिलं थांबवून कर्ज कमी दाखवलं जाऊ शकतं.

याच सत्रात रोख शिलकीची पडताळणी करून घ्या. वर्षभरात सरासरी १,००० रोख दाखवली, व्याज मिळालं १२ आणि ठेवींचा दर पाच टक्के असेल, तर पैसा अडकलेला आहे, फक्त वर्षअखेरीस येऊन जातो आहे किंवा नाहीच आहे. सत्यम या आयटी कंपनीच्या संस्थापकांनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात दिलेली कबुली तिघांनाही ऐकून माहीत असेल: पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. बँकेकडून शिलकीची खातरजमा ऑडिटरने थेट मागवली की कंपनीमार्फत, हा प्रश्न ऑडिट समितीच्या प्रत्येक सदस्याला विचारता आला पाहिजे.

तिसरं सत्र अंदाजांचं: गुडविल (कंपनी विकत घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली रक्कम), बुडीत येणी, लांबलेले प्रकल्प, खटल्यांसाठीची तरतूद. ब्रिटनमधल्या कॅरिलियन या बांधकाम कंपनीने जुलै २०१७ मध्ये कंत्राटांवर ८४.५ कोटी पौंडांची तरतूद जाहीर केली आणि जानेवारी २०१८ मध्ये ती अवसायनात (कंपनी गुंडाळण्याच्या प्रक्रियेत) गेली. कंत्राटाचा नफा किती मानायचा हा अंदाजच असतो. मागच्या तीन वर्षांचे अंदाज आणि प्रत्यक्ष निकाल शेजारी-शेजारी मांडून मागा. अंदाज दर वेळी एकाच बाजूला चुकत असेल तर त्याची दखल मंडळाने घ्यायची.

---

समिती_कक्ष यांचा प्रतिसाद

नेतृत्वाच्या भागाबद्दल लिहितो. संचालक हा कुणाचा वरिष्ठ अधिकारी नसतो. एकट्या संचालकाला हुकूम देण्याचा अधिकार नाही. जो अधिकार आहे तो मंडळ म्हणून, बैठकीत, ठरावाने. त्यामुळे टीम बांधणी, प्रेरणा, व्हिजन असले वर्ग इथे फुकट जातात. संचालकाचं नेतृत्व चार-पाच ठिकाणी दिसतं: अवघड प्रश्न वेळेवर विचारण्यात, उत्तर अपुरं असेल तर शांतपणे पुन्हा विचारण्यात, दुसऱ्याचा दबलेला मुद्दा वर आणण्यात, एकटं पडलं तरी मत नोंदवण्यात आणि सीईओ निवडण्या-बदलण्याच्या निर्णयात. शिकवायचं तर हेच शिकवा, आणि सराव करून.

अभिरूप बैठक घ्या. ९० मिनिटांची, खऱ्या वाटाव्यात अशा तीन पेपरांची. एकात संबंधित पक्षाशी (संचालक, अधिकारी किंवा त्यांच्या जवळच्यांशी) व्यवहार लपलेला असावा, दुसऱ्यात विकास वेगाने दाखवणारा पण रोख खाणारा प्रकल्प, तिसरा साधा. सीईओची भूमिका कुणी तरी ठसक्याने करणारा हवा, जो म्हणेल, 'आज मंजुरी नाही मिळाली तर सौदा हातचा जाईल.' ही घाई कशी हाताळायची हे वाचून येत नाही. मार्ग सांगून ठेवा: मंजुरी अटींसह देता येते, दोन सदस्यांची उपसमिती नेमून ४८ तासांत पुन्हा बसता येतं, किंवा बाहेरचं स्वतंत्र मूल्यांकन मागता येतं. बैठक झाल्यावर अर्धा तास फक्त एवढंच बोला की कुणाला काय खटकलं होतं आणि ते का बोललं गेलं नाही. तिघांपैकी दोघांना एकच गोष्ट खटकलेली असते आणि दोघंही 'इतरांना कळलं असेल' म्हणून गप्प राहिलेले असतात, हे तिथे समोर येतं.

हितसंबंधांचा सराव एनरॉन या बुडालेल्या अमेरिकी ऊर्जा कंपनीवर घ्या. १९९९ मध्ये त्या मंडळाने आपल्या सीएफओला कंपनीशीच व्यवहार करणाऱ्या भागीदारी संस्था चालवायला परवानगी दिली आणि त्यासाठी स्वतःची आचारसंहिता बाजूला ठेवली. काही तपासण्यांची अट घातली होती, पण त्या खरोखर होतात का याचा पाठपुरावा झाला नाही. नव्या संचालकाने दोन गोष्टी मनात पक्क्या कराव्यात. नियमाला अपवाद मागितला की 'का' च्या आधी 'कुणासाठी' विचारायचं. आणि अट घालून मंजुरी दिली तर ती अट कोण, कधी तपासून मंडळाला सांगणार, हे त्याच ठरावात लिहून घ्यायचं.

ठराव_आणि_नोंद यांच्या एका गोष्टीशी मतभेद आहे. पहिल्या सहा आठवड्यांत निम्मे तास भरले तर माणूस बोर्डरूममध्येच कोंडला जातो. त्यातले किमान दोन पूर्ण दिवस प्रत्यक्ष कामाच्या जागी द्या: कारखाना, कॉल सेंटर, गोदाम, जिथे काम चालतं तिथे. विभागप्रमुखांनी सजवलेला दौरा नको; मधल्या फळीतल्या लोकांशी प्रश्नोत्तरं हवीत. विचारायचं असं: गेल्या वर्षात वर कळवलेली पण न सुटलेली अडचण कोणती? तिथे दिलेल्या उत्तरांवरून कुणालाही सूचना द्यायच्या नाहीत, हेही निघण्याआधी बजावा. संचालकाने गोदामात उभं राहून सल्ला दिला की दुसऱ्या दिवशी तो आदेश होतो.

---

कार्यसूची

खूप नेमकं मिळालं, आभार. दोन शंका. प्रश्न विचारणं आणि ढवळाढवळ करणं यातली रेघ नव्या माणसाला कशी दाखवायची? आमच्या सीईओंना तपशिलातले प्रश्न आवडत नाहीत, त्यामुळे हे जाणून घेणं गरजेचं आहे. आणि दुसरं, जी माहिती वर येतच नाही ती मागायला कसं शिकवायचं?

---

ठराव_आणि_नोंद

पहिल्या शंकेचं उत्तर: कितीही खोल विचारता येतं, फक्त विचारण्याचा हेतू बघावा. खात्री करून घेण्यासाठी विचारलेला प्रश्न मंडळाचा. काम कसं करावं हे ठरवण्यासाठी विचारलेला व्यवस्थापनाचा. 'सर्व्हरचा बॅकअप शेवटचा कधी पूर्ववत करून पाहिला आणि किती तास लागले?' हा अतिशय तपशिलातला प्रश्न आहे, तरी योग्य आहे. 'बॅकअपसाठी अमुक कंपनीचं सॉफ्टवेअर घ्या' हे साधं वाक्य आहे, तरी अयोग्य आहे. तंत्रज्ञानातून आलेल्या सदस्यांसोबत या दोन वाक्यांवर दहा मिनिटं बोललात तर बरंच काम होईल.

सीईओंची नाराजी बऱ्याचदा प्रश्न अचानक आल्यामुळे असते. पॅक बैठकीच्या सात दिवस आधी पोचला पाहिजे. वस्तुस्थितीचे प्रश्न (आकडा कुठून आला, तक्ता जुळत का नाही) बैठकीच्या दोन दिवस आधी तुमच्यामार्फत लेखी जावेत आणि उत्तरं सगळ्या संचालकांना मिळावीत. बैठकीत मग फक्त निर्णयाचे प्रश्न उरतात. पण एक पथ्य पाळा: लेखी उत्तराने समाधान झालं नाही तर तोच प्रश्न बैठकीत पुन्हा विचारायचा हक्क राहतो. नाहीतर ही सोय प्रश्न दडपण्यासाठी वापरली जाते.

पेपरांचा साचाही सोबतच सुधारा. पहिल्या पानावर चारच गोष्टी: मंडळाकडून काय हवं आहे (निर्णय, चर्चा की नुसती माहिती), शिफारस काय, नाकारलेले पर्याय, मोठे धोके. मुख्य पेपर सहा पानांत, बाकी सगळं जोडपत्रात. ३०० पानांचा पॅक नव्या माणसाला शिकवून वाचता येत नाही.

---

तिसरी_फळी यांचा प्रतिसाद

दुसऱ्या शंकेवर. मंडळाकडे येणारी बहुतेक माहिती एकाच दारातून येते, ते दार म्हणजे व्यवस्थापन. नव्या संचालकाला पहिल्या तीन महिन्यांत बाकीची दारं दाखवून द्या, म्हणजे प्रत्यक्ष भेटी घडवा. बाहेरच्या ऑडिटरशी एक तास, व्यवस्थापनाच्या गैरहजेरीत. अंतर्गत लेखापरीक्षणाच्या प्रमुखांशी एक तास, तसाच. अनुपालन अधिकाऱ्यांशी. शक्य असेल तर एखाद्या मोठ्या संस्थात्मक गुंतवणूकदाराशी, अर्थात अप्रकाशित माहितीची देवाणघेवाण होणार नाही या अटीवर.

ऑडिटरला विचारायचे प्रश्न तयार ठेवा, नाहीतर तो तास सौजन्यात जातो. कोणत्या नोंदीवर तुमचा आणि सीएफओंचा सर्वाधिक वाद झाला आणि तो कसा मिटला? सापडलेल्या पण दुरुस्त न केलेल्या चुकांची यादी दाखवाल का? मागितलेली माहिती कुठे उशिरा मिळाली? अंतर्गत लेखापरीक्षकांना: या वर्षी कोणती तपासणी आखली होती आणि रद्द झाली, आणि कुणी रद्द केली? मुदत उलटून गेलेल्या शिफारशी किती, त्यातली सर्वांत जुनी किती महिन्यांची?

तक्रार-वाहिनीचे आकडेही मागायला शिकवा. वर्षभरात शून्य तक्रारी आल्या ही चांगली बातमी समजू नये. वाहिनी लोकांना माहीत नाही, तिच्यावर विश्वास नाही किंवा तक्रारी वाटेत थांबतात, या तीन शक्यता आधी तपासायच्या. तक्रार सीईओंविरुद्ध असेल तर ती कुणाकडे जाते, हे कागदावर दाखवायला सांगा. उत्तर 'एचआर प्रमुखांकडे' असेल आणि एचआर प्रमुख सीईओंनाच उत्तरदायी असतील तर ती वाट बंद आहे.

बोईंगचं उदाहरण इथे वापरा. ७३७ मॅक्स विमानांच्या ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. भागधारकांच्या दाव्यात २०२१ मध्ये डेलावेअरच्या न्यायालयाने नोंदवलेल्या मुद्द्यांपैकी एक असा की विमानांच्या सुरक्षिततेची थेट जबाबदारी बोर्डाच्या कोणत्याही समितीकडे नव्हती. नव्या संचालकांना समित्यांच्या कार्यकक्षा आणि कंपनीच्या धोक्यांची यादी शेजारी-शेजारी ठेवून रेघा ओढायला सांगा. ज्या धोक्यापासून एकाही समितीकडे रेघ जात नाही, तो अध्यक्षांपुढे मांडायचा. तासाभराचं काम आहे आणि जुन्या सदस्यांनाही त्यातून नवं काही दिसतं.

---

समिती_कक्ष

अंगी लागलं का, हे ओळखण्याबद्दल राहिलं होतं. बहुपर्यायी परीक्षा घेऊ नका. ती स्मरणशक्ती मोजते. सहाव्या महिन्यात पहिल्या आठवड्यासारखाच एक न पाहिलेला पेपर द्या, पाच प्रश्न लिहून घ्या आणि आधीच्या पाच प्रश्नांशेजारी ठेवा. फरक डोळ्यांना दिसतो. सोबत मिनिट्स आणि तुमच्या टिपणांवरून पाहा: सदस्य स्वतःच्या क्षेत्राबाहेरच्या विषयावर बोलला का, त्याच्या प्रश्नामुळे एखाद्या ठरावाचे शब्द बदलले का, अट जोडली गेली का, काम पुढच्या बैठकीच्या पाठपुरावा-यादीत आलं का. बोलण्याची मिनिटं मोजू नका, त्याने बडबड वाढते.

तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात अध्यक्षांनी प्रत्येकाशी एकास एक ४५ मिनिटं बोलावं. दोन्ही बाजूंनी: सदस्याच्या कामाबद्दल अध्यक्षांचं मत आणि बैठक चालवण्याच्या पद्धतीबद्दल सदस्याचं. एखाद्या जुन्या सदस्याची मार्गदर्शक म्हणून जोडी लावणार असाल तर तो नव्याच्याच समितीतला नसावा. एकाच समितीत असला की नवा सदस्य त्याच्या मताकडे बघून हात वर करायला लागतो.

अध्यक्षांना आणखी एक विनंती करा: मोठ्या विषयावर त्यांनी स्वतःचं मत शेवटी सांगावं आणि पहिल्या वर्षी नव्या सदस्यांना आधी बोलतं करावं. अध्यक्ष सुरुवातीलाच 'मला तर हे ठीक वाटतं' म्हणाले की सहा महिन्यांचं प्रशिक्षण त्या वाक्यापाशी थांबतं.

---

ठराव_आणि_नोंद

मतभेदाच्या नोंदीबद्दल एक भर, कारण नव्या सदस्यांना हे कुणी सांगत नाही. विरोध असेल तर तो बैठकीतच उच्चारायचा आणि 'माझं नाव आणि कारण मिनिट्समध्ये घ्या' असं तिथेच म्हणायचं. नंतर ईमेलवर नापसंती कळवणं किंवा मतदानाच्या वेळी बाहेर जाणं याने संरक्षण मिळेल असं समजू नये. मसुदा मिनिट्स आले की मुदतीत वाचून दुरुस्ती लेखी कळवायची; मुदत उलटली की बहुधा ते मान्य धरले जातात.

संचालकांच्या आपसातल्या व्हॉट्सअॅप गटाबद्दलही पहिल्याच आठवड्यात बोला. तिथे लिहिलेलं खटल्यात किंवा नियामकाच्या चौकशीत मागवलं जाऊ शकतं. कामकाजाची चर्चा बोर्ड पोर्टलवर, गटावर फक्त वेळ आणि जागा. वैयक्तिक टिपणं ठेवायची की नष्ट करायची याचा एक नियम सगळ्यांसाठी असावा आणि तो वाद उद्भवण्याआधी ठरलेला असावा. वाद सुरू झाल्यावर कागद फाडणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.